दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा द्यावा का? डॉक्टरांच्या नजरेतून

हा प्रश्न घेऊन दवाखान्यात थेट कुणी येत नाही. माणूस येतो तो ॲसिडिटी, मानदुखी, रात्री तीनला येणारी जाग किंवा रविवारी संध्याकाळपासून होणारी छातीतली धडधड घेऊन. ईसीजी नॉर्मल येतो, रक्तदाब थोडा वर असतो. मग उठता उठता, दाराशी गेल्यावर तो विचारतो, "डॉक्टर, नोकरी सोडून दिली तर बरं वाटेल का?"

त्याचं उत्तर होय किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. पण निर्णयाआधी कोणत्या गोष्टी तपासायच्या आणि कोणत्या क्रमाने, हे सांगता येतं. बहुतेक जण सुरुवात पैशांच्या हिशोबापासून करतात. माझ्या मते सुरुवात तब्येतीपासून करायला हवी, कारण आजारी मनाने केलेला पैशांचा हिशोबही चुकतो. कधी आहे त्याहून काळा दिसतो, तर कधी आहे त्याहून गुलाबी.

आधी तातडीचं

जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, ऑफिसला जाताना "आज अपघात झाला तर बरं" असं मनात येत असेल, तर राजीनाम्याचा विचार बाजूला ठेवा. आजच घरातल्या एका माणसाला हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना किंवा जवळच्या रुग्णालयाला भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. जिवाला लगेच धोका वाटत असेल तर ११२ लावा. अशा वेळी ऑफिसला फक्त "मी आजारी आहे, येऊ शकत नाही" एवढाच निरोप द्या. राजीनामा आठवड्याने देता येतो, महिन्यानेही देता येतो.

नोकरीमुळे आजार, की आजारामुळे नोकरी नकोशी?

सगळ्या निर्णयात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि घाईत हाच राहून जातो.

"बर्नआउट" हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद केली आहे, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिथे तीन खुणा दिल्या आहेत : अंगातली ताकद संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. ही व्याख्या फक्त कामाच्या संदर्भात वापरायची, हेही तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

नैराश्य वेगळं. ते ऑफिसच्या दारात थांबत नाही. ज्याला फक्त नोकरीचा वीट आला आहे तो शनिवारी मित्रांबरोबर हसतो, मॅच बघतो, आवडीचं जेवण चवीने खातो. रविवारी संध्याकाळी त्याचा चेहरा पडतो. नैराश्य असलेल्याला शनिवारही सोमवारसारखाच वाटतो. मूल खेळायला बोलावतं आणि उठवत नाही. भूक आणि झोप बिघडते, वजन बदलतं, स्वतःबद्दल दोषी वाटतं, साधी गोष्ट ठरवतानाही मन अडतं. ही लक्षणं जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर तपासून घ्यावं. त्यासाठी डॉक्टर अनेकदा पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली वापरतात. तिच्यात ० ते २७ गुण असतात आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर पुढची तपासणी करतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. आणि नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर "अजिबात नाही" सोडून काहीही असेल, तर एकूण गुण कितीही असोत, डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

हा फरक एवढा का उगाळायचा? नैराश्यात मेंदू पुढचं सगळं अंधारं दाखवतो. "माझ्याकडून काही होणार नाही, दुसरी नोकरी मिळणार नाही, इथे तर मी मरेन" ही तिन्ही वाक्यं त्या माणसाला तंतोतंत खरी वाटतात. उपचार सुरू झाल्यावर तीच नोकरी कधी सुसह्य वाटू लागते, तर कधी "ही सोडायचीच" हे शांतपणे आणि नीट तयारीनिशी ठरतं. नैराश्यावरच्या औषधांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतो आणि पूर्ण परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे जाऊ शकतात. म्हणून नैराश्याचं निदान झालं असेल आणि नोकरी धोकादायक नसेल, तर मी रुग्णाला निर्णय तेवढे आठवडे पुढे ढकलायला सांगतो. या काळात रजा घ्यायला हरकत नाही. उलट अनेकदा ती घ्यावीच.

आणखी दोन परिस्थितींत सावध राहा. पहिली अशी : गेले काही दिवस झोप कमी होऊनही थकवा नाही, डोक्यात भन्नाट कल्पना येत आहेत, खर्च वाढला आहे, घरचे म्हणतात "तू फार बोलतोस", आणि अशात "उद्याच राजीनामा टाकतो, स्वतःचा धंदा काढतो" असं एकदम ठरलं. हा उत्साह म्हणजे बायपोलर आजाराचा चढता टप्पा असू शकतो, विशेषतः पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल किंवा घरात कुणाला हा आजार असेल तर. दुसरी परिस्थिती चिंतेच्या आजाराची. मीटिंगमध्ये बोलायची, फोन घ्यायची, साहेबांसमोर उभं राहायची भीती हे नोकरी सोडण्याचं खरं कारण असेल, तर राजीनाम्याने त्या दिवशी प्रचंड हलकं वाटेल. पण भीती टाळली की ती वाढते, आणि पुढच्या नोकरीत ती तुमच्या आधी जाऊन बसलेली असते. तिच्यावर कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीसारखे चांगले उपचार आहेत.

शरीराकडेही बघा. "नोकरीने पिळून काढलंय" म्हणणाऱ्या स्त्रीचं हिमोग्लोबिन ८ निघतं, असं आपल्याकडे नेहमी घडतं. थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत हे बरंच आढळतं), मधुमेह, आणि घोरणाऱ्या माणसाचा स्लीप ॲप्निया, या सगळ्यांत माणूस दिवसभर गळून गेलेला आणि चिडचिडा असतो. हिमोग्लोबिन, टीएसएच, साखर आणि बी-१२ या साध्या तपासण्या आहेत. राजीनाम्याआधी त्या करून घ्यायला काय हरकत आहे? रोज रात्री "टेन्शन उतरवायला" दोन पेग होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते, आणि सकाळच्या उदासीचं खापर ऑफिसवर फुटतं.

एक घरगुती चाचणीही आहे. सलग आठ-दहा दिवस रजा घ्या, लॅपटॉप न घेता. पहिले तीन दिवस धरू नका, ते झोप भरून काढण्यात जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी कसं वाटतं ते बघा. मन मोकळं झालं, भूक लागली, आणि परतायच्या आदल्या दिवशी पोटात गोळा आला, तर दुखणं बरंचसं नोकरीत आहे. आठव्या दिवशीही अंथरुणातून उठवत नसेल, तर फक्त नोकरी सोडून ते जाणार नाही. ही चाचणी अचूक नाही. दीर्घकाळच्या ताणातून नैराश्य आलं असेल तर दोन्हींची सरमिसळ दिसते. तरी दिशा कळते.

या नोकरीत नेमकं काय जाचतं?

"वातावरण वाईट आहे" हे निदान झालं नाही. पोट दुखतं म्हणणाऱ्याला आपण विचारतो, कुठे, कधी, कशाने वाढतं? तसंच इथे करा. दोन आठवडे रोज रात्री तीन ओळी लिहा : आज सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला, तो कुणामुळे किंवा कशामुळे झाला, आणि काय वेगळं असतं तर तो झाला नसता.

कामाच्या ताणावरच्या संशोधनात रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली एक गोष्ट अजून उपयोगी पडते. नुसतं काम जास्त असणं एवढं घातक नसतं. काम जास्त आणि ते कसं, कधी करायचं हे ठरवायचा अधिकार शून्य, ही जोडी घातक असते. पुढे योहान्स सिग्रिस्ट यांनी दुसरी जोडी दाखवली : कष्ट खूप, आणि बदल्यात पगार, मान, सुरक्षितता यांपैकी काहीच पुरेसं नाही. तुमच्या तीन ओळींत यातलं काय पुन्हा पुन्हा येतं ते बघा.

बऱ्याच वेळा असं दिसतं की जाच एकाच गोष्टीचा आहे : एक वरिष्ठ, एक शिफ्ट, किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जाणारे रोजचे तीन तास. अशा वेळी विभाग बदलणं, शाखेत बदली मागणं किंवा आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणं यांनी सुटका होऊ शकते. मागून बघा. जी नोकरी तुम्ही सोडायला निघाला आहात, तिच्यात नकार ऐकून तुमचं फारसं काय जाणार आहे?

कामाचे तास मात्र गांभीर्याने मोजा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. सहा दिवस रोज साडेनऊ तास म्हणजे ५७ तास झाले, हे आपल्या लक्षातही येत नाही.

कधी थांबू नये

काही ठिकाणी "अजून थोडं सोस" हा सल्ला मी देत नाही.

मारहाण, धमक्या, जीव धोक्यात घालणारी असुरक्षित जागा. खोट्या कागदांवर सह्या करायला लावणं, ज्याची जबाबदारी उद्या तुमच्यावर येईल. लैंगिक छळ. यात २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते, सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढू शकते, आणि चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. राजीनामा देण्याआधी हे माहीत असावं, कारण अनेक जणी गुपचूप नोकरी सोडतात आणि त्रास देणारा तिथेच राहतो.

वैद्यकीय कारणंही आहेत. फेफऱ्याचा किंवा बायपोलर आजार असलेल्या माणसासाठी रात्रपाळ्या खरोखर धोक्याच्या असतात, कारण झोप मोडली की झटका किंवा आजाराचा उठाव येऊ शकतो. आधी डॉक्टरांच्या पत्रासह कायमची दिवसपाळी मागा. मिळत नसेल तर ती जागा तुमच्यासाठी नाही. तसंच, रजा, उपचार, बदली हे सगळं करून झालं आणि परत गेल्यावर दर वेळी पॅनिक अटॅक, रक्तदाब किंवा नैराश्य उलटत असेल, तर पुढची नोकरी हातात नसतानाही बाहेर पडणं हा उपचाराचाच भाग ठरतो.

नोकरी नसणं हेही सोपं नाही

ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावातली कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी यहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला. कुणालाही वाटेल, वेळ मिळाल्याने लोक जास्त वाचतील. झालं उलटंच. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं, पुरुष रस्त्याने चालताना हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. यहोदा यांनी यातून पुढे मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते : दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून काही करण्याचा हेतू, समाजातली ओळख, आणि हातांना नियमित काम. राजीनाम्याबरोबर या पाचही जातात, आणि त्यांची उणीव साधारण तीन-चार आठवड्यांनी जाणवू लागते, सुटकेचा आनंद ओसरल्यावर.

मात्र "कसलीही नोकरी बेकारीपेक्षा बरी" हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियातल्या सात हजारांहून जास्त लोकांवरच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की बेकारीतून अगदी वाईट प्रतीच्या नोकरीत गेलेल्यांचं मानसिक आरोग्य, बेकारच राहिलेल्यांपेक्षा जास्त ढासळलं. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रक्तदाब आणि रक्ततपासण्यांसारख्या मोजमापांतून जवळजवळ तेच दाखवलं. हे अभ्यास जिथे झाले त्या देशांत बेकारभत्ता मिळतो, आपल्याकडे बहुतेकांना काही मिळत नाही, हे लक्षात ठेवूनच ते वाचा. पण वडीलधारी माणसं जेव्हा "नोकरी आहे ना, मग झालं" म्हणतात, तेव्हा एवढं नक्की म्हणता येतं की वाईट नोकरीचा शरीरावर होणारा परिणाम मोजता येतो.

पैशांचा हिशोब, डॉक्टरच्या परीने

मी आर्थिक सल्लागार नाही. पण राजीनाम्यानंतर दोन-तीन महिन्यांनी झोप उडालेली माणसं माझ्याकडे येतात, आणि तेव्हा कारण बहुतेक वेळा हप्ता असतो. म्हणून हिशोब कागदावर करा, मनात नको.

समजा बचत ३ लाख ६० हजार आहे. त्यातून कुटुंबाच्या आरोग्यविम्याचे २४ हजार आणि अडीअडचणीसाठी हात लावायचे नाहीत असे ६० हजार बाजूला काढा. उरले २ लाख ७६ हजार. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ४२ हजार लागत असतील, तर ते साधारण साडेसहा महिने पुरतील. आता साडेतीन महिन्यांवर कॅलेंडरमध्ये एक खूण करा. त्या तारखेपर्यंत मनासारखं काही मिळालं नाही, तर त्यानंतर कमी पगाराची, तात्पुरती किंवा अर्धवेळ नोकरीही घ्यायची, हे आत्ताच ठरवा. तेव्हा ठरवायला गेलात तर मन खचलेलं असेल. हिशोब तीन महिन्यांच्या खाली येत असेल आणि घरात दुसरा पगार नसेल, तर एकदम सोडण्याऐवजी पुढच्या भागातले मधले रस्ते आधी धुंडाळा.

आरोग्यविमा हा लोकांच्या सर्वांत उशिरा लक्षात येणारा मुद्दा. कंपनीचा गट-विमा साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, आणि त्याबरोबर आईवडिलांचं संरक्षणही. घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीला लेखी विचारा की गट-विम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, आणि आधीची वर्षं धरली जातील का. मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. तेव्हा विम्याचा अर्ज भरताना नैराश्याचे उपचार लपवू नका. लपवलेली माहिती पुढे दावा नाकारायला कारण होते. ईएसआयमध्ये असाल तर नोकरी सुटल्यावर हक्क किती दिवस चालू राहतात ते आधी शाखा कार्यालयात विचारून घ्या.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात. मूळ पगार महागाई भत्त्यासह २६ हजार असेल तर दर वर्षाचे १५ हजार, म्हणजे पाच वर्षांचे ७५ हजार होतात. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर ते ओढून नेण्याचा हा रोख मोबदला. पीएफ काढण्याचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून सहकाऱ्याच्या सांगण्यावर न जाता ईपीएफओच्या पोर्टलवर बघा.

गरोदर असाल, किंवा लवकरच मूल हवं असेल, तर आधी प्रसूती रजेचा विचार करा. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. राजीनामा दिला तर तो हक्क हातचा जातो. सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसत्या राजीनाम्याने आधीची सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशोबातून जाऊ शकते, म्हणून आस्थापना विभागाला विचारल्याशिवाय कागद देऊ नका. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्यांना नोकरी संपल्यावर राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेव्हा तिथे आधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या.

मधले रस्ते

सोडणं आणि सोसणं यांच्या मध्ये बरीच जागा असते. साठलेली अर्जित रजा, वैद्यकीय रजा, बिनपगारी रजा. वैद्यकीय रजेच्या दाखल्यावर आजाराचा सगळा तपशील लिहावाच लागतो असं नाही. काय लिहायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. तुमच्या मानसिक आजाराची माहिती गुप्त राहणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. (खोटा दाखला मात्र मागू नका. आम्ही देत नाही, आणि खऱ्या आजाऱ्यांचं त्याने नुकसान होतं.)

दुसरा एक उपाय अनेकांना मानवला आहे : राजीनाम्याची तारीख मनाशी पक्की करायची, समजा तीन महिन्यांनंतरची, आणि तोवर रोज ठरलेल्या वेळी ऑफिसातून उठायचं, बढतीचा नाद सोडायचा, सुट्टीच्या दिवशी फोन बंद ठेवायचा आणि अर्ज पाठवायचे. बाहेर पडायचा दिवस दिसत असला की तीच नोकरी कमी टोचते. शिवाय नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल, तर राजीनामा दिल्यावरही तीन महिने तिथेच काढायचे आहेत, हे विसरू नका. रागाच्या भरात सकाळी पाठवलेल्या ईमेलने दुपारी सुटका होत नाही. उलट न सांगता जाणं बंद केलं तर रिलीव्हिंग लेटर अडकतं आणि तो नवा ताण होतो.

घरी कसं सांगायचं

आईबाबांना "मला डिप्रेशन आहे, मी नोकरी सोडतोय" हे एका दमात सांगितलं तर दोन्ही गोष्टी एकमेकांत अडकतात. मग चर्चा होते ती "लोक काय म्हणतील" आणि "लग्नाच्या वेळी काय सांगायचं" याची. आधी तब्येतीचं सांगा : "बाबा, गेले दोन महिने मला झोप नाही, वजन पाच किलो उतरलंय, डॉक्टरांकडे जातोय." नोकरीचा विषय पुढच्या वेळी, आणि तोही हिशोबाचा कागद आणि ती खुणेची तारीख घेऊन. नवराबायकोत मात्र काहीच मागे ठेवू नका. हप्ता भरायचा भार दुसऱ्यावर पडणार असेल तर त्याला किंवा तिला "नाही, अजून दोन महिने थांब" म्हणायचा अधिकार आहे. शक्य असेल तर एकदा जोडीदाराला डॉक्टरांकडे बरोबर घेऊन या. "हा आळस नाही" हे तुम्ही दहादा सांगितलेलं पटत नाही, ते कधी कधी समोरच्या खुर्चीवरून एकदा ऐकलं की पटतं.

राजीनाम्यानंतरचे पहिले सहा आठवडे

पहिला आठवडा हवं तितकं झोपा. दुसऱ्या आठवड्यापासून उठायची वेळ ठरवून टाका, रविवारसह. सकाळच्या उन्हात अर्धा तास चाला. यहोदा यांच्या पाच गोष्टी आठवून त्यांची तात्पुरती सोय करा : दिवसाला आकार देणारा एखादा वर्ग, आठवड्यातून दोनदा घराबाहेरच्या माणसांची भेट, कुणाच्या तरी उपयोगी पडणारं काम. वाचनालय असेल, ट्रेकिंगचा ग्रुप असेल किंवा भावाच्या दुकानाचे हिशोब असतील. घरात आहात म्हणून बँक, दळण, पाहुणे आणि गॅस सिलिंडर हे सगळं तुमच्याकडे येईल, विशेषतः तुम्ही सून असाल तर. त्यातलं किती घ्यायचं हे पहिल्याच आठवड्यात बोलून ठेवा, नाहीतर विश्रांतीची जागा दुसऱ्या बिनपगारी नोकरीने घेतली जाईल. नोकरीचे अर्ज दिवसातून दोन ठरलेल्या तासांतच करा. दिवसभर मोबाइलवर जाहिराती चाळत बसलात तर अर्ज वाढत नाहीत, निराशा वाढते.

चालू औषधं "आता ताण संपला" म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. नैराश्याची काही औषधं एकदम थांबवली की चक्कर, मळमळ, चिडचिड, अंगात वीज चमकल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. शिवाय बरं वाटू लागल्यानंतरही उपचार साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवावे लागतात. खर्च परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. जेनेरिक औषधं किंवा सरकारी रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी हे पर्याय आहेत.

मुलाखतीत मधल्या रिकाम्या काळाबद्दल विचारतील. "तब्येतीच्या कारणाने चार महिने विश्रांती घेतली, आता ठीक आहे, या काळात अमुक कोर्स केला" एवढं पुरे. आजाराचं नाव सांगायची गरज नाही, आणि आधीच्या साहेबांची गाऱ्हाणी तर मुळीच नको.

सहा आठवड्यांच्या शेवटी पुन्हा एकदा तपासून घ्या. झोप लागते का, भूक आहे का, एखादी गोष्ट करावीशी वाटते का? नोकरी जाऊनही सकाळी छातीवर तोच दगड असेल, तर पीएचक्यू-९ चे जुने गुण आणि तपासणीचे कागद बरोबर घेऊन डॉक्टरांना भेटा. ही भेट पुढच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी व्हायला हवी.